बालसंधिशोथ : आनुवंशिक घटक व रोगतीव्रता

बालसंधिशोथ : वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सुरू होणाऱ्या, कमीत कमी सहा आठवडे टिकणाऱ्या आणि ज्याचे अन्य कोणतेही कारण सापडत नाही अशा सांध्यांच्या शोथास (दाहयुक्त सुजेस) ‘बालसंधिशोथ’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय वैद्यकात त्याला ‘किशोरवयीन अज्ञातहेतुक संधिशोथ’ या अर्थाची संज्ञा रूढ आहे. ‘अज्ञातहेतुक’ या शब्दाने रोगाचे कारण निश्चित ठाऊक नाही एवढेच सुचविले जाते. तथापि रोगप्रवणतेत आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, हे गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनावरून स्पष्ट झाले आहे. प्रदेशपरत्वे आकडे बरेच बदलत असले, तरी साधारणपणे हजार मुलांमागे एकास हा रोग असतो असे मानतात. संधिवात हा उतारवयाचा विकार होय, अशी समजूत सर्वत्र रूढ असल्याने मुलाच्या सुजलेल्या गुडघ्याकडे मुका मार किंवा वाढीच्या वयातील दुखणे म्हणून पाहिले जाते आणि निदानास विलंब होतो.

या एकाच नावाखाली येणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचा गुडघा काही महिन्यांत पूर्ववत होतो, तर दुसऱ्याचे मनगट, खुबा व जबडा कायमचे आखडतात. हा फरक का पडतो, त्याचा किती भाग आईवडिलांकडून मिळालेल्या जीनांनी (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणाऱ्या एककांनी) ठरतो व किती भाग नंतरच्या घटनांनी ठरतो, हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे. [⟶ आनुवंशिकी, संधिशोथ].

ऐतिहासिक माहिती : लंडन येथील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात काम करणारे इंग्लिश वैद्य जॉर्ज फ्रेडरिक स्टिल (१८६८–१९४१) यांनी २२ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध १८९६ मध्ये वाचला व तो पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. सांध्यांच्या सुजेबरोबर लसीका ग्रंथी व प्लीहा (पाणथरी) यांची वाढ होणारा एक प्रकार त्यांनी त्यात स्पष्टपणे वेगळा काढला. मुलांमधील संधिशोथ म्हणजे प्रौढांच्या रोगाची लहान आवृत्ती नव्हे आणि त्यात एकाहून अधिक रोग असावेत, हे त्यांचे मत आजही ग्राह्य ठरले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील टॅप्लो येथील रुग्णालयात ई. जी. एल. बायवॉटर्स आणि बार्बरा ॲन्सेल यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जे. एस. लॉरेन्स यांच्या सहकार्याने त्यांनी १९६९ मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांचा व जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रोगाच्या आनुवंशिकतेसंबंधीच्या पद्धतशीर अभ्यासांपैकी तो आरंभीचा एक होय.

विकृती : निरोगी सांध्याच्या आतील बाजूस संधिकलेचे पातळ अस्तर असते व त्यातून थोडासा वंगणासारखा संधिद्रव स्रवतो. रोगात प्रतिरक्षा यंत्रणेच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या यंत्रणेच्या) कोशिका संधिकलेत शिरून ठाण मांडतात, संधिकला जाड होते व सांध्यात पाणी साठते. या कोशिकांतून सायटोकाइने नावाची संदेशवाहक प्रथिने बाहेर पडतात. अर्बुद-ऊतकमृत्यू घटक, इंटरल्यूकीन-१ व इंटरल्यूकीन-६ ही त्यांपैकी महत्त्वाची होत. शोथ दीर्घकाळ टिकल्यास कूर्चा झिजते व हाडाच्या कडा कुरतडल्या जातात. मुलांत याशिवाय वाढीवर परिणाम होतो. एका गुडघ्यास शोथ असल्यास तेथील वाढलेल्या रक्तपुरवठ्यामुळे तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब होऊ शकतो. उलट जबड्याच्या सांध्यातील शोथामुळे खालचा जबडा खुरटतो व हनुवटी मागे राहते. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असणे व हालचालीनंतर ते मोकळे होणे ही या रोगाची खूण आहे. लहान मूल वेदनेची तक्रार करीलच असे नाही. ते लंगडते, जिना उतरण्याचे टाळते किंवा पुन्हा कडेवर घेण्याचा हट्ट धरते.

प्रकार : आंतरराष्ट्रीय संधिवातविज्ञान संघटनेच्या तज्ञांनी १९९५ मध्ये सुचविलेल्या व १९९७ आणि २००१ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणानुसार या रोगाचे सात गट करतात. (१) अल्पसंधी : पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्यांहून कमी सांधे दुखावतात, हा बहुधा सहा वर्षांखालील मुलींत आढळतो. पुढेही सांध्यांची संख्या चारपर्यंतच राहिल्यास त्यास ‘स्थिर’ व वाढल्यास ‘विस्तारित’ म्हणतात. (२) बहुसंधी, संधिवाताभ घटक नसलेला. (३) बहुसंधी, संधिवाताभ घटक असलेला : प्रयोगशाळेच्या अहवालात ‘आर. ए. फॅक्टर’ म्हणून नोंदला जाणारा हा प्रतिपिंड या गटातील मुलांच्या रक्तात सापडतो. (४) सर्वांगीण : दररोज चढउतार होणारा ताप, ताप चढताना उमटणारे फिकट गुलाबी पुरळ व आंतरिक इंद्रियांचा शोथ यांसह होणारा, यालाच ‘स्टिल रोग’ असेही म्हणतात. (५) बंधस्थान-शोथाशी निगडित : कंडरा व अस्थिबंध हाडाला जेथे चिकटतात त्या जागी, उदा., टाचेच्या मागे, शोथ असतो. हा मुख्यतः सहा वर्षांवरील मुलग्यांत होतो. (६) सोरियासिस या त्वचारोगाबरोबर होणारा. (७) वरीलपैकी कोणत्याही एका गटात न बसणारा. या वर्गीकरणात बदल करण्याच्या सूचना २०१९ मध्ये पुढे आल्या असून आनुवंशिकीतील शोध हे त्यामागील एक कारण आहे.

आनुवंशिकतेचा पुरावा : बालसंधिशोथ हा हीमोफिलियासारखा एका जीनातील दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा रोग नाही. बहुसंख्य रुग्णांच्या कुटुंबांत दुसरा रुग्ण नसतो. तरीही रोगाचा कल कुटुंबागणिक बदलतो, हे दोन प्रकारच्या निरीक्षणांवरून दिसते. पहिले निरीक्षण एकयुग्मजी (एकाच फलित अंड्यापासून झालेल्या) जुळ्यांविषयीचे आहे. अशा जोडीतील एकास रोग असल्यास दुसऱ्यासही तो होण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत शेकडा सुमारे २५ ते ४० आढळले आहे. सर्वसाधारण मुलांतील हजारी एक या प्रमाणाशी तुलना करता हे फारच मोठे आहे. परंतु याच आकड्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : सर्व जीन समान असूनही निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरे भावंड निरोगी राहते. केवळ जीनांनी रोग होत नाही, याचा याहून सरळ पुरावा मिळणे कठीण आहे.

दुसरे निरीक्षण सख्ख्या भावंडांविषयीचे आहे. अमेरिकेतील यूटा राज्यात अनेक पिढ्यांच्या वंशावळींची नोंद उपलब्ध आहे. तिच्या आधारे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना रोग होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे ११ ते १२ पट व चुलत, मामे, आते व मावस भावंडांना सुमारे ६ पट आढळली. पटींत सांगितलेला हा धोका भयावह वाटतो. परंतु मूळ प्रमाण हजारी एक इतके अल्प असल्यामुळे शंभर सख्ख्या भावंडांपैकी सुमारे ९९ जणांना हा रोग होत नाही, असाच त्याचा व्यावहारिक अर्थ आहे. रोगग्रस्त भावंडांच्या जोड्यांचा अभ्यास केला असता दोघांतील रोगाचा प्रकार व त्याची वाटचाल ही बहुधा सारखी असल्याचे दिसून आले. आनुवंशिकतेचा संबंध केवळ रोग होण्या न होण्याशी नसून त्याच्या स्वरूपाशीही आहे, असे यावरून अनुमान निघाले.

एचएलए जीन : या रोगाशी सर्वांत दृढ संबंध असलेले जीन सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एकत्र वसलेले आहेत. त्यांना ‘मानवी श्वेतकोशिका प्रतिजन’ किंवा ‘एचएलए’ जीन म्हणतात. त्यांच्या सूचनेनुसार तयार होणारी प्रथिने कोशिकेच्या पृष्ठभागावर असतात व त्यांच्या खाचेत धरलेले प्रथिनांचे लहान तुकडे टी-लसीका कोशिकांपुढे मांडले जातात. तो तुकडा स्वतःचा की परका, याची ओळख या कोशिका पटवितात व त्याप्रमाणे प्रतिसाद देतात. एचएलए जीनांची असंख्य जीनरूपे (एकाच जीनाची पर्यायी रूपे) मानवजातीत आहेत. म्हणून कोणता तुकडा किती घट्ट धरला जाईल, हे व्यक्तिपरत्वे भिन्न असते.

प्रौढांतील ताठ कण्याचा संधिशोथ आणि एचएलए-बी२७ हे जीनरूप यांचा संबंध १९७३ मध्ये लंडन व लॉस अँजेल्स येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविला. मुलांतील बंधस्थान-शोथाशी निगडित प्रकारातही हेच जीनरूप वारंवार आढळते. त्यानंतर १९८० च्या सुमारास लहान मुलींतील अल्पसंधी प्रकाराचा संबंध एचएलए-डीआर गटाशी असल्याचे लक्षात आले. सांप्रतच्या परिभाषेत सांगावयाचे, तर डीआरबी१ जीनाची ०८ व ११ या क्रमांकांची रूपे अल्पसंधी व संधिवाताभ घटक नसलेल्या बहुसंधी प्रकाराची शक्यता वाढवितात. ०४ हे रूप संधिवाताभ घटक असलेल्या बहुसंधी प्रकाराशी निगडित आहे. प्रौढांच्या संधिवाताभ संधिशोथातही हेच ०४ रूप आढळते. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलीस होणारा हा बहुसंधी प्रकार वस्तुतः प्रौढांचाच रोग लवकर सुरू झालेला असतो, तर अल्पसंधी प्रकार हा बालपणाचा खास रोग आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म विश्लेषणात हा भेद डीआरबी१ प्रथिनाच्या साखळीतील एका स्थानापर्यंत नेऊन भिडविण्यात आला. तेराव्या स्थानी ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल असल्यास पहिल्या दोन प्रकारांचा, तर हिस्टिडीन असल्यास संधिवाताभ घटक असलेल्या प्रकाराचा कल वाढतो.

जीनाचा परिणाम वयावरही अवलंबून असतो. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एचएलए-बी२७ आणि डीआर४ ही रूपे अगदी लहान वयात उलट संरक्षक ठरतात व मोठ्या वयातच धोका वाढवितात. एकच जीन दोन वर्षांच्या व बारा वर्षांच्या मुलात भिन्न वर्तन करतो, यावरून प्रतिरक्षा यंत्रणेच्या वाढीच्या टप्प्यांचे महत्त्व दिसून येते.

अन्य जीन : एचएलए भागाबाहेरील जीनांचा प्रत्येकी परिणाम अल्प असतो, म्हणून ते शोधण्यासाठी हजारो रुग्णांची तपासणी करावी लागते. २०१३ मध्ये अनेक देशांतील २,८१६ रुग्णांच्या अभ्यासातून १४ नवी स्थाने निश्चित झाली व ज्ञात स्थानांची संख्या १७ झाली. पुढे तीत भर पडली. त्यांपैकी पीटीपीएन२२ हा पहिल्या गुणसूत्रावरील जीन टी-लसीका कोशिकांच्या उत्तेजनास आवर घालणारे एंझाइम तयार करतो. त्याचे एक बदललेले रूप बालसंधिशोथाखेरीज बाल्यावस्थेतील मधुमेह व अवटू ग्रंथीचे आत्मप्रतिरक्षाजन्य (स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध प्रतिरक्षा यंत्रणेने केलेल्या प्रतिसादामुळे होणारे) रोग यांतही आढळते. एकाच घरात मुलाला संधिशोथ, मावशीला अवटूचा विकार व आजीला प्रौढ संधिवात आढळण्याचे एक कारण या सामाईक जीनांत आहे. मात्र हे रूप उत्तर युरोपात सामान्य, पूर्व आशियात जवळजवळ अनुपस्थित व भारतात विरळ आहे. त्यामुळे एका खंडातील निष्कर्ष दुसऱ्या खंडातील मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. इतर ज्ञात स्थानांवरील स्टॅट४, टीवायके२ व इंटरल्यूकीन-२ ग्राही यांचे जीन सायटोकाइनांचा संदेश कोशिकेच्या आत पोहोचविण्याच्या कामाशी संबंधित आहेत. याच मार्गावरील एंझाइमे रोखणारी औषधे नंतर बालसंधिशोथात उपयुक्त ठरली.

सर्वांगीण प्रकार मात्र या बाबतीत इतरांपासून पुष्कळ वेगळा पडतो, हे २०१७ मध्ये नऊ देशांतील रुग्णांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. अल्पसंधी व बहुसंधी प्रकारांत आढळणारे बहुतेक जीन त्यात सापडत नाहीत. हा प्रकार लसीका कोशिकांच्या चुकीच्या ओळखीपेक्षा जन्मजात प्रतिरक्षेच्या अनियंत्रित भडक्यामुळे होतो, या मतास त्यामुळे पुष्टी मिळाली.

जीन व रोगतीव्रता : रोग होण्याची प्रवणता आणि झालेल्या रोगाची तीव्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवर परिणाम करणारा जीन दुसरीवर करीलच असे नाही. तीव्रता मोजताना शोथयुक्त सांध्यांची संख्या, वैद्याचे व पालकांचे मूल्यमापन आणि रक्तातील तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग यांचा एकत्र विचार करतात. दीर्घकालीन तीव्रतेसाठी कपडे घालणे, चालणे, लिहिणे यांसारख्या कृती मुलाला किती जमतात व क्ष-किरण चित्रांत हाडांची किती हानी दिसते, हे पाहतात. या मापांच्या साहाय्याने जीनांचा परिणाम पुढील चार बाबतींत अधिक स्पष्ट दिसतो.

(१) सांध्यांचा विस्तार : इंटरल्यूकीन-१० हे शोथ शमविणारे सायटोकाइन आहे. त्याच्या जीनाच्या नियामक भागातील काही रूपांमुळे ते कमी प्रमाणात तयार होते. अशी रूपे चार सांध्यांपुरत्या मर्यादित राहिलेल्या मुलांपेक्षा रोगाचा विस्तार झालेल्या मुलांत अधिक आढळतात, असे लंडनमधील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखविले. आग विझविणारे साधन तोकडे पडल्यास ती पसरते, असा याचा अर्थ लावता येतो.

(२) सर्वांगीण प्रकारातील औषधाचा प्रतिसाद व प्राणघातक उपद्रव : महाभक्षी कोशिकांचे स्थलांतर रोखणारा घटक या प्रथिनाच्या जीनाचे एक रूप असलेल्या मुलांच्या रक्तात व संधिद्रवात हे प्रथिन अधिक असते. हे प्रथिन स्टेरॉइडांच्या शोथशामक क्रियेस विरोध करते. अशा मुलांत सांध्यात टोचलेल्या स्टेरॉइडाचा परिणाम लवकर ओसरतो व अखेरची स्थिती अधिक वाईट राहते, असे इटलीतील संशोधकांना २००३ मध्ये आढळले. याहून गंभीर बाब म्हणजे महाभक्षी कोशिकांचा उद्रेक हा उपद्रव. सर्वांगीण प्रकाराच्या सुमारे दहांपैकी एका मुलात तो स्पष्ट स्वरूपात उद्‌भवतो. संसर्गित कोशिकांना मारून प्रतिसाद आटोपता घेण्यासाठी मारक लसीका कोशिका परफोरीन नावाचे प्रथिन वापरतात. परफोरीन किंवा ते वाहून नेणारी प्रथिने यांच्या जीनांत सदोष रूप असल्यास प्रतिसाद थांबत नाही, महाभक्षी कोशिका बेसुमार वाढतात व रक्तकोशिकाही गिळंकृत करू लागतात. ताप उतरत नाही, रक्तकोशिका घटतात, फेरिटीन हे प्रथिन अतोनात वाढते. मात्र अवसादन वेग उलट खाली येतो. हा उतार सुधारणा समजण्याची चूक मुलाच्या जिवावर बेतू शकते.

(३) नेत्रशोथ : अल्पसंधी प्रकारातील, विशेषतः केंद्रकविरोधी प्रतिपिंड असलेल्या लहान मुलींत परितारिका व तिच्या शेजारच्या भागांचा चिरकारी शोथ होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि मूल तक्रारही करीत नाही. तोवर मोतीबिंदू, काचबिंदू व अंधत्व यांची सुरुवात झालेली असते. डीआरबी१ जीनाचे ११ हे रूप हा धोका वाढविते. २०१८ मध्ये या प्रथिनाच्या दहाव्या ते बाराव्या स्थानांवरील एक विशिष्ट ॲमिनो अम्लक्रम मुलींतील नेत्रशोथाशी निगडित असल्याचे दिसून आले. मुलग्यांत तो संबंध आढळला नाही. याउलट एचएलए-बी२७ असलेल्या मुलग्यांत डोळा एकाएकी लाल होतो व दुखतो, त्यामुळे तो लवकर ध्यानात येतो. सांध्यांची तीव्रता आणि डोळ्याची तीव्रता यांचा मेळ असतोच असे नाही. केवळ एक गुडघा सुजलेल्या मुलीची दृष्टी जाऊ शकते. म्हणून रोगाचे निदान होताच व त्यानंतर ठराविक काळाने नेत्रतज्ञाकडून स्लिट दिव्याखाली डोळे तपासून घेणे अनिवार्य मानतात. [⟶ डोळा].

(४) खुबा व पाठीचा कणा : एचएलए-बी२७ असलेल्या मुलग्यांत खुबा व त्रिकास्थीचे सांधे दुखावण्याचे प्रमाण अधिक असते. उत्तर युरोपीय देशांत आठ वर्षे पाठपुरावा करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या जीनरूपाच्या मुलांत रोग पूर्णपणे शांत होण्याची शक्यता कमी आढळली. तथापि हे जीनरूप असलेल्या सर्वसामान्य व्यक्तींपैकी फारच थोड्यांना संधिशोथ होतो. म्हणून निरोगी मुलात केवळ ते सापडले, एवढ्यावरून भाकीत करणे अशास्त्रीय ठरते.

एकंदरीत पाहता, जीनांचा प्रभाव रोगाचा प्रकार ठरविण्यात प्रबळ व त्या प्रकारांतर्गत तीव्रता ठरविण्यात पुष्कळ दुर्बल आहे. तीव्रतेविषयीचे अनेक निष्कर्ष थोड्या रुग्णांवर आधारलेले असून सर्वत्र सारखे पडताळले गेलेले नाहीत.

एकजीनी रोग : काही थोड्या कुटुंबांत मात्र एकाच जीनातील उत्परिवर्तनाने संधिशोथ होतो. सौदी अरेबियातील पाच कुटुंबांतील १३ मुलांत तेराव्या गुणसूत्रावरील एलएसीसी१ या जीनाचे समान उत्परिवर्तन आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ही मुले रक्तसंबंधातील विवाहांतून जन्मलेली होती व त्यांना सर्वांगीण प्रकारचा रोग होता. आईवडील दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच रोग होतो. म्हणजे हे लक्षण अप्रभावी आहे.

याशिवाय बालसंधिशोथाचा आभास निर्माण करणारे काही आनुवंशिक विकार आहेत. त्यांपैकी एकात सहाव्या गुणसूत्रावरील सीसीएन६ (पूर्वीचे नाव डब्ल्यूआयएसपी३) या जीनातील दोषामुळे कूर्चा हळूहळू झिजते, बोटांची पेरे जाड होतात व मुलाची चाल बिघडते. परंतु सांध्यात शोथ नसतो व अवसादन वेग सामान्य राहतो. भारतीय कुटुंबांत हा विकार अनेकदा नोंदला गेला आहे. त्याला संधिशोथ समजून दिलेली स्टेरॉइडे निरुपयोगी व अपायकारक ठरतात. दुसऱ्या एका विकारात सांध्यास वंगण पुरविणारे ल्युब्रिसीन हे प्रथिन तयार होत नाही. हे दोन्ही विकार अप्रभावी असल्याने दक्षिण भारतात व महाराष्ट्राच्या काही समाजांत रूढ असलेल्या मामे-आते भावंडांच्या विवाहसंबंधांत त्यांची शक्यता वाढते. अशा संशयित रुग्णांत जीन परीक्षा खरोखरच निर्णायक ठरते.

भारतातील स्थिती : पश्चिमी देशांत अल्पसंधी प्रकार सर्वाधिक आढळतो. भारतात चित्र भिन्न आहे. पुणे येथील सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीझेस या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंधस्थान-शोथाशी निगडित गट सर्वांत मोठा होता. लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील अनुभवही याला मिळताजुळता आहे. लहान मुलींतील केंद्रकविरोधी प्रतिपिंड असलेला अल्पसंधी प्रकार व त्याबरोबरचा नेत्रशोथ येथे तुलनेने कमी दिसतो. लोकसमूहांतील जीनरूपांच्या वाटणीतील फरक हे याचे एक कारण असावे. मुलग्यांच्या टाचदुखीकडे खेळातील इजा म्हणून पाहिले जात असल्याने या गटातील निदान लांबते. सांधेदुखीचा संबंध संधिज्वराशी जोडण्याची प्रवृत्तीही येथे प्रबळ आहे. परंतु संधिज्वरात सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते व काही दिवसांत ओसरते, तर बालसंधिशोथात ती त्याच सांध्यात आठवडेच्या आठवडे राहते. क्षयरोगानेही एकच सांधा दीर्घकाळ सुजू शकतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

जीनेतर घटक व चिकित्सा : रोगाचा प्रकार, रोग सुरू होतानाचे वय, खुबा व मनगट यांचा सहभाग, संधिवाताभ घटकाचे अस्तित्व आणि उपचारास झालेला विलंब यांवर भवितव्य अवलंबून असते. यांपैकी केवळ शेवटचा घटक माणसाच्या हाती आहे व त्याचे वजन अल्प नाही. बहुसंधी प्रकारावरील एका अमेरिकी चिकित्सात्मक परीक्षणात (२०१२) उपचार जितके महिने लवकर सुरू झाले तितकी रोग पूर्णपणे शांत होण्याची शक्यता प्रत्येक महिन्यागणिक वाढत गेल्याचे आढळले.

मेथोट्रेक्सेट या औषधाची अल्प मात्रेतील उपयुक्तता १९९२ मध्ये अमेरिका व तत्कालीन सोव्हिएट संघ येथील संयुक्त परीक्षणाने सिद्ध झाली. अर्बुद-ऊतकमृत्यू घटकास रोखणाऱ्या एटानरसेप्टचा मुलांतील परिणाम २००० मध्ये, तर सर्वांगीण प्रकारात इंटरल्यूकीन-१ व इंटरल्यूकीन-६ यांना रोखणाऱ्या औषधांचा परिणाम २०१२ मध्ये मोठ्या परीक्षणांत प्रसिद्ध झाला. नेत्रशोथात मेथोट्रेक्सेटला ॲडॅलिम्युमॅबची जोड दिल्यास तो अधिक आटोक्यात राहतो, हे २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये दिसून आले. ही जैव औषधे महाग असून ती देण्यापूर्वी, विशेषतः भारतात, सुप्त क्षयरोग नाही याची खात्री करून घ्यावी लागते. औषधांबरोबर नियमित व्यायाम व भौतिकी चिकित्सा आवश्यक असते. शाळा बंद करून मुलाला अंथरुणात ठेवण्याची जुनी पद्धत हानिकारक ठरली आहे. स्नायू क्षीण होतात व सांधे वाकलेल्या स्थितीत आखडतात.

आनुवंशिक सल्ला : मुलाला हा रोग झाल्यावर बहुतेक कुटुंबांत तो कोणाच्या घराण्यातून आला, हा प्रश्न उपस्थित होतो व दोष प्रायः आईच्या माथी येतो. यास वैद्यकीय आधार नाही. प्रवणता वाढविणारी जीनरूपे समाजात सर्वत्र पसरलेली आहेत. ती आईवडील दोघांकडून थोडी थोडी येतात व ती असणाऱ्या बहुसंख्य व्यक्ती आयुष्यभर निरोगी राहतात. एखाद्या आहाराने, लसीने किंवा गरोदरपणातील चुकीने रोग झाला, असेही सिद्ध झालेले नाही. दुसरे अपत्य होऊ देण्यास किंवा रोगमुक्त झालेल्या मुलीच्या विवाहास आनुवंशिकतेच्या कारणावरून हरकत घेणे उचित नाही. एकजीनी विकारांत मात्र पुढील प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका असू शकतो. म्हणून तेथे आनुवंशिकी तज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा लागतो.

नेहमीच्या बालसंधिशोथात निरोगी भावंडांची जीन परीक्षा करण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी कोणाचा सांधा सुजला वा सकाळी आखडू लागला, तर विनाविलंब तपासणी करणे पुरेसे असते. अनेक जीनांचा एकत्रित धोका मोजून रोगाचा प्रकार लवकर ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु एखाद्या मुलाचा रोग किती तीव्र होईल, हे आज कोणतीही जीन परीक्षा खात्रीने सांगू शकत नाही. सांध्यांची वेळच्या वेळी तपासणी, डोळ्यांची नियमित परीक्षा व लवकर सुरू केलेले उपचार यांनीच बहुसंख्य मुलांत अपंगत्व टाळता येते.